दुष्काळ आणि दावणीचीं जनावरें

दुष्काळ म्हटला म्हणजे आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें कोरडा नळ येतो. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी नेलें, तें वृत्त आपण सर्वांनीं वाचलें. परंतु माणसाची तहान दिवसास चार-पांच लिटरांत भागते. दुभत्या म्हशीस उन्हाळ्यांत ६० लिटरही अपुरे पडतात. माणदेशांतल्या शेतकऱ्याच्या दावणीस दोन बैल व एक गाय असली, तर घरांतल्या साऱ्यांहून अधिक पाणी गोठ्यासच हवें.

विहीर आटली कीं तो बाजाराची वाट धरतो. सारा तालुका विकावयास निघालेला, घेणारा एखादाच. खिलारी जोडी कवडीमोलानें जाते. पुढें मृग बरसतो, आणि पेरणीस बैल नसतात. मग सावकाराचें दार.

२०१२-१३ त व पुन्हां २०१९ सालीं सातारा, सोलापूर, बीड या जिल्ह्यांत चारा छावण्या उघडल्या. कुटुंबें जनावरांसह तेथेंच राहिलीं. जनावर विकावें लागलें नाहीं, हाच छावणीचा खरा लाभ. तेथें बहुधा उसाचें वाढें मिळतें. पोट भरतें, पण त्यांतील ऑक्झॅलेटमुळें अंगांतला चुना घटतो. म्हणून जोडीस पेंड व क्षारमिश्रण हवें. १०० किलो वाळल्या काडावर ४ किलो युरिया पाण्यांत विरघळवून शिंपडावा व तीन आठवडे हवाबंद दडपून ठेवावें, म्हणजे तें काड पौष्टिक होतें. मात्र नुसता युरिया जनावराच्या तोंडीं लागल्यास तें विषच. (हें दोनदां सांगावयास हवें, मास्तरकीची संवय!)

भगिनींस एक विनंती. शिळ्या पोळ्या व भात यांचीं पोतीं छावणीस पाठवूं नका. रवंथ करणाऱ्या जनावरानें असलें अन्न एकदम पोटभर खाल्लें तर तें आंबतें, पोट फुगतें, कित्येकदां जनावर दगावतें. पोळ्या कुत्र्यास चालतील. घरचीं माणसें ऊसतोडीस गेलीं म्हणजे कुत्रें-मांजर बंद दारापाशीं बसून राहतें. त्यांची आठवण कोणासच नसते. गांवीं राहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हातीं थोडें धान्य व पैसे दिले, तर त्याचेंही भागतें आणि त्यांचेंही.

आणि वैशाखापर्यंत थांबूं नका. ज्वारीची काढणी फाल्गुनाच्या सुमारास होते, कडबा तेव्हां स्वस्त असतो. पैसे तेव्हांच धाडा.