धुराड्यावरचा लोणा
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे विटांचे धुराडे गेली काही वर्षे पांढरे पडत चालले आहे. कौलांवरच्या भागास लोणा फुटला आहे, विटांचे पापुद्रे सुटत आहेत, आणि आत माळ्याच्या भिंतीवर तपकिरी डाग पावसाळाभर ओले राहतात. यावर उपाय म्हणून संपूर्ण धुराड्यास सिमेंटचा गिलावा करावा, असा विचार व्यवस्थापक मंडळापुढे आहे. 'मुळात वीटच खारी होती,' असा शेराही कानी येतो. ज्या वडिलांनी आपल्या आव्यांतील विटा या वास्तूसाठी विनामूल्य दिल्या, त्यांच्या मातीवर हा ठपका आहे. त्याची शहानिशा झाल्यावाचून गिलाव्यावर एक रुपयाही खर्च होऊ नये, असे आमचे मत आहे.

आपण पिढीजात मातीचे जाणकार. तेव्हा विटेपासूनच आरंभ करू. मातीतच क्षार असले तर बांधकाम सुकताना, पहिल्या दोन-चार वर्षांतच ते बहुधा बाहेर येतात व पुढे कमी होत जातात. येथे तर कित्येक वर्षे लाल राहिलेली वीट आता पांढरी झाली आहे. आणि त्याच आव्यांतील विटांची कुंपणाची भिंत आजही स्वच्छ आहे. त्या भिंतीची एक सुटी वीट घेऊन आम्ही भारतीय मानक ३४९५ मधील परीक्षा केली. वीट बशीत २५ मिलिमीटर शुद्ध पाण्यात उभी करावी, पाणी शोषून आटू द्यावे, पुन्हा तितकेच पाणी घालून तेही आटू द्यावे, आणि मग पांढरा थर किती जागेवर आला ते पाहावे. दहा टक्क्यांपर्यंत आला तर तो 'किंचित' समजतात. आमच्या विटेवर तेवढाही आला नाही.

मग क्षार आला कोठून? धुराड्याच्या पोटातून. तेथे लाकडांची व दगडी कोळशाची अनेक वर्षांची काजळी बसली आहे, आणि तिच्यात सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट असे विद्राव्य क्षार असतात. चूल पेटत होती तोवर धुराडे ऊन राही व पावसाचे पाणी वाळून जाई. आता गॅस आला. एक किलो गॅस जळाला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने निघते. १९ किलोच्या एका टाकीमागे सुमारे ३० लिटर! ही वाफ, शिवाय भाताच्या पातेल्यांची वाफ, थंड पडलेल्या विटांवर जमते, काजळीतले क्षार विरघळवते आणि विटेतून बाहेर झिरपते. बाहेर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. चूल परत आणा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या डोळ्यांनी धूर पुष्कळ सोसला आहे. परंतु विझलेले धुराडे पेटत्या धुराड्याहून अधिक भिजते, हे ध्यानी घ्यावे. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. थंड पडलेल्या चिमण्यांच्या सांध्यांत पिंपळ रुजतात, ते ओल मिळते म्हणूनच.

पृष्ठभागावरचा पांढरेपणा केवळ दिसायला वाईट. घात होतो तो क्षार विटेच्या आत साकळल्याने. सोडियम सल्फेट पाण्याचे दहा रेणू धरून स्फटिक बनते, तेव्हा त्याचे आकारमान सुमारे चौपट होते आणि विटेचा पापुद्रा उडतो. म्हणूनच सिमेंटच्या गिलाव्यास आमचा विरोध आहे. गिलाव्याला बारीक तडे जाणारच. त्यांतून पाणी आत शिरेल, पण सुकून बाहेर येणार नाही, आणि क्षार गिलाव्यामागे साठेल. शिवाय सल्फेटाच्या ओलीने सिमेंटचे सांधे फुगतात. पावसाचा मारा एकाच बाजूस असला तर ती बाजू उंचावून धुराडे दुसऱ्या बाजूस कलते. जलरोधक रंगाचीही तीच गत. तेजाबाने धुण्याचा सल्ला कोणी देईल, तोही ऐकू नये.

प्रथम पाणी तोडावे. माथ्यावर दगडी लादी चार बोटे बाहेर काढून बसवावी व तिच्या खालच्या कडेस पाणी ठिबकण्यासाठी खाच ठेवावी. कौलांच्या सांध्यावरचा गंजलेला पत्रा बदलावा. गॅसच्या वाफेसाठी आतून न गंजणारा पोलादी नळ वरपर्यंत न्यावा आणि तळाशी पाण्याला वाट ठेवावी. हा खर्च गिलाव्याहून अधिक येईल, हे आम्ही लपवीत नाही. लोणा कोरड्या कुंच्याने झाडावा, पाण्याने धुऊ नये. धुतला तर तो विरघळून पुन्हा विटेतच शिरतो. झाडलेली भुकटी गोळा करून दूर टाकावी. फुटके दर्जे कोरून चुना-सुरखीने भरावेत, कारण दर्जा विटेहून मऊ असला म्हणजे ओल व क्षार त्याच्या वाटेने निघतात, आणि झिजलाच तर दर्जा झिजतो, वीट वाचते.

दिवाळीनंतर परांची बांधली तर दर्जांचे काम थंडीतच उरकेल. नवे दर्जे आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावे लागतील. माळ्यावरचा डागाळलेला गिलावा आताच काढून टाकावा, नवा मात्र पुढल्या वर्षापर्यंत करू नये. तोवर भिंतीतली ओल बरीच निघून गेलेली असेल. चुना विरवण्यासाठी परसात जुना हौद आहेच. त्यातला पालापाचोळा काढून घेतला की काम सुरू करता येईल.