शाळेला कुलूप आणि मुलांची काळजी

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या शाळेला कुलूप लागतं, तेव्हा कुणाला त्याचं विशेष वाटत नाही. ते कुलूप जूनमध्ये निघणार, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मार्च २०२० मध्ये लागलेल्या कुलपाची गोष्ट वेगळी होती. करोनाची साथ आली, शाळा मिटल्या आणि त्या कधी उघडणार हे कुणालाच सांगता येईना. मधे काही काळ वरचे वर्ग उघडले, पुन्हा मिटले. खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात रीतसर बसलं ते दुसरीत, आणि तेही निम्मं वर्ष सरल्यावर!

त्या काळात सुखवस्तू घरातल्या मुलाचं थोडंफार निभावलं. पण ज्या घरात हातावरचं पोट आहे, त्या घरातल्या मुलाला कुणी सांभाळलं? आणि पुन्हा तशी वेळ आली तर आपण काय करणार आहोत? आज याविषयी चार गोष्टी आपल्याशी बोलायच्या आहेत.

आपल्या राज्यात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यांतलं प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती आलं. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशी ही साखळी अगदी वाडीवस्तीपर्यंत पोचते. एरवी आपण तिला कागदी घोडे नाचवणारी म्हणून हसतो. पण संकटात घरोघर पोचायचं तर अशीच साखळी लागते, आणि तिची शेवटची कडी म्हणजे गावातला शिक्षक.

पहिला प्रश्न पुस्तकाचा नव्हताच, तो होता भाकरीचा. शाळेतला दुपारचा आहार हे पुष्कळ मुलांचं दिवसातलं भरवशाचं जेवण. शाळा मिटली की ते ताट गेलं. १८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं आपण होऊन याची दखल घेतली. आपल्याकडे शाळेत शिल्लक असलेला तांदूळ आणि डाळी-कडधान्यं पालकांना वाटण्याचं ठरलं. प्रमाण कसं असतं पाहा. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० आणि ३० ग्रॅम. एका घरातलं एक मूल चौथीत आणि एक सातवीत असेल, तर पंचवीस दिवसांचे सव्वासहा किलो तांदूळ आणि सव्वा किलो डाळ होते. मजुरी थांबलेल्या घरात हा आधार लहान नव्हे.

पण इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. शाळेच्या ताटातलं अन्न त्या मुलाच्याच पोटात जातं. शिधा घरी गेला की तो चुलीवर सगळ्यांचा होतो, आणि ते स्वाभाविकच आहे. म्हणून शिधा दिला की काम संपलं, असं शिक्षकाला म्हणता येत नाही. अनेक गुरुजींनी आणि बाईंनी शिधावाटपाच्या दिवसाचा चांगला उपयोग करून घेतला. पिशवी न्यायला आलेल्या आईला त्यांनी विचारलं, घरात कोण आजारी आहे का, काम मिळतंय का, मुलगी काय करते. तांदूळ मोजता मोजता घराची हकीकत कळत होती.

दुसरा प्रश्न शिकण्याच्या साधनाचा. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचा अभ्यास मोबाईलवर धाडायला सुरुवात केली. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागू लागली. हे उत्तमच झालं. पण त्याच वर्षीच्या ‘असर’ पाहणीत काय दिसलं? देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे बासष्ट मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. उरलेल्या अडतीस जणांचं काय? आणि ज्या घरी फोन होता, तिथंही तो बापाच्या खिशातून सकाळीच कामावर जायचा. घरात तीन भावंडं असली तर फोन थोरल्या मुलाच्या हाती आणि बहीण पाणी भरायला, हे चित्र आपल्याला काही नवं नाही.

तेव्हा काही ठिकाणी लोकांनी जवळचा उपाय शोधला. पालघर जिल्ह्यातल्या डांडवळ गावी एका स्वयंसेवी संस्थेनं ध्वनिवर्धक लावून ‘बोलकी शाळा’ चालवली. मुलं मोकळ्यावर अंतर ठेवून बसत, ऐकत आणि वहीत लिहीत. सोलापूरच्या नीलमनगरात यंत्रमाग कामगारांची वस्ती आहे. तिथल्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे आणि गणितं रंगवली. भिंतीला ना वीज लागते, ना रिचार्ज! आणखी कितीतरी गावांत शिक्षक ओसरीवर, पारावर, झाडाखाली पाच-पाच मुलं घेऊन बसले. त्याची कुठं छापून वार्ता आली नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. मूल नजरेआड झालं की ते सुटतं. ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड गाडीवर घालून कारखान्याकडे निघतात. मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून बीडसारख्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहाची सोय केली जाते. पण शाळाच मिटलेली असली की आईबाप म्हणतात, “मागं ठेवून तरी काय करायचं?” मग मूल फडात जातं आणि धाकट्याला सांभाळत बसतं. वयात आलेल्या मुलीचं तर “उरकून टाकू” असं घाटायला लागतं. मुलगी अठरा वर्षांची होण्याआधी लग्न करणं हा गुन्हा आहे. गावपातळीवर ते थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, आणि १०९८ या क्रमांकावर कुणालाही विनामूल्य कळवता येतं. हे मुलींनाही पाठ असलं पाहिजे.

साथीत ज्यांचे दोन्ही पालक गेले, अशा मुलांच्या नावे राज्य शासनानं पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचं २०२१ मध्ये ठरवलं. एक पालक गेलेल्या मुलांनाही बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळू शकते. पण नवरा गेलेली, कागदाला बिचकणारी बाई जिल्ह्याच्या कचेरीत जाणार कशी? तिला सांगणारं, अर्ज भरून देणारं माणूस गावातच हवं. पुष्कळदा ते माणूस म्हणजे शाळेतल्या बाई.

आता या साऱ्याचं फळ काय? शाळेत नाव असलेल्या सहा ते चौदा वयाच्या मुलांचं प्रमाण २०२२ मध्येही घटलेलं नव्हतं. नावं राहिली, पण वाचन मागं पडलं. ‘असर’च्याच पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी २०१८ मध्ये सत्तावीस होती, २०२२ मध्ये वीस-एकवीस उरली. २०२४ मध्ये हा आकडा पुन्हा सत्तावीसवर आला. म्हणजे शाळा उघडी राहिली आणि गुरुजी मागं लागले, की गेलेलं परत येतं. तरी सत्तावीस म्हणजे काही संतोष मानण्याजोगा आकडा नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळा काही साथीनंच बंद पडते असं नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांनी ते पाहिलं आहे. म्हणून आजच, शाळा सुरू असताना, एक वही करा. पटावरच्या प्रत्येक नावापुढं तीन रकाने आखा. या घरी चूल रोज पेटते का? घरात फोन किंवा रेडिओ आहे का, आणि तो मुलाच्या हाती किती वेळ येतो? या मुलाची चौकशी करणारं शेजारचं माणूस कोण? अपंग मूल असेल, तर त्याला काय लागतं तेही लिहा. ही वही मात्र भिंतीवर लावायची नाही, चारचौघांत वाचायची नाही. गरिबीची यादी उघड झाली, की माणूस मदत घ्यायलाही येत नाही.

आणि पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत आपलीच माणसं असतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, “उद्या शाळा बंद पडली, तर आमच्या वस्तीवर कोण येणार, आणि कोणत्या दिवशी?” उत्तर मिळेपर्यंत उठू नका. नाव आणि दिवस ठरलेला असला, म्हणजे शाळेला कुलूप लागलं तरी आपल्या मुलापर्यंत कुणीतरी येईल.