ताटातील मांस आणि पंचांगातील वार



'मांसाहार कमी करावा काय?' हा विषय जाहीर झाला तेव्हा दोन प्रकारची मंडळी येतील अशी माझी अटकळ होती. एक, आपल्या शाकाहाराला प्रशस्तिपत्र मिळेल या आशेने येणारी. दुसरी, आपल्या ताटावर घाला येतो की काय या धास्तीने येणारी. दोहोंचीही थोडी निराशाच होईल. मासळीला तर गोमंतकात कोणी मांस म्हणत नाही. तेव्हा तिला मी आज हात लावीत नाही.

आपल्या वाडवडिलांनी मांसाहार सोडला नव्हता. त्याला वार लावून दिले होते. सोमवार, एकादशी, संकष्टी, श्रावण या दिवसांत अनेक हिंदू घरांत शिवराक जेवण असे, तर ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे ईस्टरपूर्वीचे शुक्रवार पाळले जात. कारणे धार्मिक होती. परिणाम मात्र असा झाला की मांस हा सणाचा किंवा पाहुण्याचा पदार्थ राहिला. परसात दाणे टिपणारी कोंबडी रोज कापणे परवडणारे नव्हतेच. शीतकपाट आणि ब्रॉयलर यांनी ही घडी विसकटली. ब्रॉयलर परसात वाढत नाही. तिच्यासाठी मका आणि सोयाबीन कुठेतरी शेतात पिकवावे लागते. शिवाय दाटीवाटीने वाढविलेल्या पक्ष्यांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा प्रश्न आहेच. माणसांसाठी अखेरचा उपाय मानले जाणारे कोलिस्टिन हे औषध खाद्यप्राण्यांना देण्यास आपल्या सरकारने २०१९ साली बंदी घातली, यावरून त्याचे गांभीर्य कळावे.

आता पर्यावरणाविषयी. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती तपासून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभर ग्रॅम प्रथिने मिळविताना होणारे उत्सर्जन, कार्बन डाय ऑक्साइडच्या मापात, मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या बाबतीत सरासरी ५० किलो, कोंबडीच्या बाबतीत ६ किलोच्या आत आणि वाटाण्याच्या बाबतीत अर्ध्या किलोहूनही कमी भरते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो, हे या अंतराचे एक मोठे कारण. चाऱ्यासाठी लागणारी जमीन हे दुसरे. मात्र दूधही त्याच जनावराचे असते, हे तूप-श्रीखंडावर ताव मारणाऱ्या शाकाहारी मित्रांनी ध्यानात ठेवावे.

आरोग्याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेले, धुरावलेले व तत्सम प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरविले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तंबाखूही त्याच वर्गात आहे. पण ते वर्गीकरण पुराव्याच्या खात्रीचे आहे, धोक्याच्या आकाराचे नव्हे. फेस्ताच्या दिवशी चोरीस-पाव खाणाऱ्याने घाबरून जाऊ नये. रोज न्याहारीला सॉसेज लागणाऱ्याने मात्र विचार करावा.

आणि हे सांगायचे कोणाला, हाही प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिच्या ताटात आठवड्यातून एखादे अंडे येते, तिला मांसत्यागाचा उपदेश करणे मला निष्ठुरपणाचे वाटते. जातीच्या सोवळ्यासाठी या विषयाचा आधार घेणे तर त्याहून वाईट. माझे बोलणे आहे ते आपल्यासारख्यांशी, ज्यांच्या घरी मांस आठवड्यातून चार-पाच वेळा शिजते.

त्यांनी मांसाच्या जागी काय शिजवावे? नुसता भात आणि बटाटा वाढवून चालणार नाही. त्याने मधुमेहाला आमंत्रण मिळेल. अळसांदे किंवा मूग घ्या. शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांतील लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. ब-१२ जीवनसत्त्व कडधान्यात नसते. त्यासाठी दूध, अंडे वा मासळी हवी, अन्यथा वैद्यकीय सल्ल्याने गोळी. चवीची चिंता गोमंतकीयाला तरी नको. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातले अळसांद्याचे तोणाक, मुगागाठी, तिरफळे घातलेले खतखते हे पदार्थ आपल्या घरांत चतुर्थीला आवडीने वाढले जातात. ते चतुर्थीखेरीज इतर दिवशीही शिजतात.