खाडा नसलेली खानावळ
(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेले काही आकडे नंतर घातले आहेत.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बजावले होते की बँकेवर पुष्कळ झाले, या वेळी काहीतरी खाण्यापिण्याचे बोला. म्हणून आज जेवणावर बोलतो. मात्र पस्तीस वर्षे लेजरमध्ये डोके घातलेला माणूस, तेव्हा हिशोब येणारच. तो चालवून घ्या.

विषय असा. आपल्या बिल्डिंगमध्ये कितीतरी घरांतले मुलगे-मुली अमेरिकेत आहेत. आपण तिकडे गेलो की नातवंडांसाठी डिस्नेची वारी ठरलेली. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे, 1 ऑक्टोबर 1971 ला सुरू झालेले. एकात चार मोठी पार्क, आणि कंपनीची स्वतःची हॉटेले. तिथे बुकिंग करताना मुलगा फोनवर विचारतो, 'बाबा, मील प्लॅन घेऊ का?' आपण म्हणतो, 'तुला योग्य वाटेल ते कर.' माझे म्हणणे, एवढ्यावर सोडू नका. हा लाख-दोन लाख रुपयांचा प्रश्न आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे पाच दिवस घरातली माणसे जेवणाच्या टेबलावर कशी वागतील याचा प्रश्न आहे.

मील प्लॅन म्हणजे काय? आपल्या पिढीला एका शब्दात कळेल : खानावळ. नोकरीच्या सुरुवातीला मी नगरला होतो, तिथे महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला भरायचे आणि दोन वेळ जेवायचे. गावाला जायचे असेल तर आदल्या दिवशी मालकांना सांगायचे, ते वहीत खाडा मांडायचे, आणि पुढच्या महिन्यात तेवढे पैसे वळते व्हायचे. डिस्नेची खानावळ तशीच, फक्त खाडा नाही. न जेवलेल्या जेवणाचे पैसे परत नाहीत. हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्री बाराला जे शिल्लक असेल ते बुडाले. आपल्याकडे दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण तिथूनसुद्धा ती खातेदाराला किंवा वारसाला मागता येते. इथे ती सोय नाही.

तसे त्यांचे हे जुनेच आहे. पूर्वी तिथे प्रत्येक पाळण्या-गाडीसाठी कुपनांचे पुस्तक विकत घ्यावे लागे, ए पासून ई पर्यंत. ई म्हणजे सगळ्यांत भारी. लोक ई संपवून टाकत आणि ए-बी ची कुपने घरी ड्रॉवरमध्ये पडून राहत. 1982 च्या सुमारास ती पद्धत गेली. जेवणाचा प्लॅन 2005 साली आला, कोविडमध्ये बंद पडला आणि 9 जानेवारी 2024 पासून पुन्हा सुरू झाला. आम्ही गेलो त्याच वर्षी एप्रिलमध्ये. म्हणजे मी सांगतोय ते दर 2024 चे. दर बदलत असतात, तेव्हा आकडा लिहून घेऊ नका, रीत लिहून घ्या.

प्लॅन दोन. पहिला काउंटरवरून घेऊन खाण्याचा, क्विक सर्व्हिस. दर रात्रीमागे माणशी दोन जेवणे, एक स्नॅक, आणि मुक्कामभर हॉटेलात चहा-कॉफी-सरबत भरून घ्यायला एक मग. मोठ्या माणसाला रात्रीचे 57.01 डॉलर, 3 ते 9 वर्षांच्या मुलाला 23.83. दुसरा प्लॅन टेबलावर बसून जेवण्याचा. त्यात एक बसून जेवण, एक काउंटरवरचे, एक स्नॅक आणि तोच मग. मोठ्यांना 94.28, मुलांना 29.69. रात्रीमागे म्हटले, ते लक्षात ठेवा. पाच रात्री, सहा दिवस असेल तर जेवणे पाच दिवसांचीच.

आमचे कुटुंब सहा जणांचे : आम्ही दोघे, मुलगा, सून, अकरा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. आता पहिली मेख बघा. दहा वर्षे पूर्ण झाली की मूल मोठे. आमची नात अर्धी पोळी खाऊन उठते, पण डिस्नेच्या वहीत ती तिच्या बापाच्या बरोबरीची. म्हणजे पाच मोठे, एक लहान. पाच रात्रींचा काउंटरचा प्लॅन 1544 डॉलर 40 सेंट. टेबलाचा प्लॅन 2505 डॉलर 45 सेंट. त्या वेळच्या 83 च्या भावाने पहिला एक लाख अठ्ठावीस हजार, दुसरा दोन लाख आठ हजार. आणि एका पॅकेजवर असलेल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी प्लॅन घ्यायचा, असा नियम. आजीला नको, ती डबा आणेल, असे चालत नाही.

मी निघायच्या आधी मुलाला म्हटले, मेनू सगळा वेबसाइटवर किमतींसकट आहे, तो काढ. दोघांनी बसून तक्ता केला. काउंटरवरची शाकाहारी थाळी पेयासकट वीस डॉलरच्या आतबाहेर. नातवाचे जेवण त्याच्या निम्म्याने. मग बावीस डॉलरचा. स्नॅक सरासरी सहा डॉलर धरला. सगळी जेवणे संपवली, एकही बुडवले नाही, कर धरला, तरी बेरीज 1440 च्या आसपास आली. म्हणजे प्लॅन घेतला तर शंभर डॉलर जास्तच जातात.

असे का? कारण सरळ आहे. एकवीस वर्षांवरच्या माणसाला प्रत्येक जेवणाबरोबर बिअर किंवा वाईन घेता येते, आणि किंमत ते धरून बसवलेली आहे. जो मांसाहार करतो, सोबत एक पेला घेतो, त्याचे पैसे वसूल होतात. शाकाहारी, न पिणारा, पंच्याहत्तरीचा माणूस हा त्या खानावळीचा आवडता सभासद. तो भरतो पूर्ण आणि खातो थोडे. आणखी एक. तिथली एक थाळी आपल्यातल्या दोघांना पुरते. प्लॅन नसेल तर सहा माणसांत चार थाळ्या घेऊन भागते, आणि ही बचत प्लॅन घेतला की गेली. पाणी तर फुकट आहे. काउंटरवर मागितले की बर्फ घातलेले पाणी देतात, आणि बाहेरचे खाणे पार्कमध्ये नेता येते, फक्त काचेची भांडी आणि दारू नको. सौ. ने चिवडा, बेसनाचे लाडू आणि दशम्या नेल्या होत्या. गेटवर पिशवी तपासणाऱ्याने लाडवांकडे बघून मान हलवली आणि सोडले.

इतके सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग घेतला नसेल. घेतला. काउंटरचा घेतला, आणि तो मी आग्रह करून घ्यायला लावला.

त्याचे कारण तक्त्यात बसत नाही. आपण परदेशात मुलांबरोबर बाहेर जेवायला जातो तेव्हा काय होते, ते या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. मेनू हातात आला की आपली नजर उजव्या बाजूला. अठरा डॉलर, म्हणजे पंधराशे रुपये, एका भाताच्या वाडग्याला! मग आपण म्हणतो, 'मला फारशी भूक नाही, तुमच्यातले थोडे खाईन.' सुनेला वाटते, आईंना इथले काही आवडत नाही. मुलाला वाटते, आपण एवढे कमावतो आणि आई-वडील उपाशी बसतात. तो जरा चढ्या आवाजात म्हणतो, 'आई, घे ना!' आणि नातवंडे एकदा आजीकडे, एकदा बापाकडे बघतात. त्याच्या आदल्या खेपेला दुसऱ्या एका शहरात फिरताना आमच्याकडे तीन दिवस हेच चालले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा आणि त्याची आई एकमेकांशी बोलेनात. भांडण दोन सँडविचवरून.

पैसे भरून झालेले असले की उजवी बाजू संपते. सौ. ने पहिल्याच दिवशी अ‍ॅनिमल किंगडममध्ये सातुली कँटीन नावाच्या ठिकाणी टोफू घातलेला भाताचा वाडगा घेतला आणि सगळा खाल्ला. टोफूला पनीर म्हणाली, पण खाल्ला. तिसऱ्या दिवशी ती नातवाला घेऊन स्वतः काउंटरवर गेली. तिने डॉलर मोजणे सोडले. हे खरे की त्याऐवजी ती क्रेडिट मोजायला लागली. रोज रात्री मुलाला विचारायची, 'आज किती राहिली?' पण त्यात चिडचिड नव्हती.

ही क्रेडिट कशी चालतात, ते नीट समजून घ्या. सगळ्यांची जेवणे एका खात्यात जमा होतात आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण शिल्लक वापरायला मिळते. आमची साठ जेवणे आणि तीस स्नॅक. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जॉइंट अकाउंट, आयदर ऑर सर्व्हायव्हर. कोणीही काढावे, कोणाच्या वाट्याचे किती हे कोणी विचारत नाही. आजचे आजच संपवायला हवे असेही नाही. आमच्या मुक्कामात संकष्टी आली. सौ. दिवसभर उपवासाला, तर तिची दोन जेवणे पुढच्या दोन दिवसांत मुलाने आणि नातीने जास्तीची वापरली. तेवढा खाडा आपला आपण काढता येतो. चंद्रोदयाची वेळ मुलाने फोनवर बघितली, आणि पार्कमधल्या आतषबाजीच्या गर्दीतून आम्ही चंद्र शोधला. असो.

टेबलाच्या प्लॅनविषयी थोडे. तो घ्यायचा तर बुफेसाठी किंवा मिकी-मिनी टेबलाशी येऊन मुलांना भेटतात त्या जेवणांसाठी घ्यावा. कंटेम्पररी हॉटेलातले शेफ मिकीज त्यातले प्रसिद्ध. त्याच इमारतीतून मोनोरेल जाते. तिथे रोख दर इतका चढा आहे की एक क्रेडिट सोडणे परवडते. पण सिंड्रेलाच्या राजवाड्यातले जेवण घ्याल तर एका जेवणाला दोन क्रेडिट जातात. जागा साठ दिवस आधी धरावी लागते. आणि टिप प्लॅनमध्ये नाही! सहा किंवा जास्त माणसे असली की 18 टक्के टिप बिलात आपोआप लावतात, तीही जेवणाच्या पूर्ण किमतीवर. जेवण तीनशे डॉलरचे झाले तर चोपन्न डॉलर खिशातून. 'सगळे भरलेले आहे' या समजुतीत बसलेल्या माणसाला हा धक्का जेवण झाल्यावर बसतो. आम्ही असे एकच जेवण वेगळे पैसे देऊन घेतले, नातवासाठी. तो मिकीला मिठी मारून सोडेना.

अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचे हॉटेल आहे. जेवताना खिडकीतून जिराफ आणि झेब्रे दिसतात. तिथे नान, कुलचे आणि नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणची असा प्रकार मिळतो. आपल्या लोकांना तोच हवा असतो. पण तो सुरुवातीच्या पदार्थांत मोडतो, आणि ते पदार्थ प्लॅनमध्ये नाहीत. वेगळे पैसे द्यावेत, आणि रुपयात गुणाकार करू नये.

प्लॅनचा त्रासही सांगायला हवा. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमची बरीच जेवणे शिल्लक होती. मग नकळत 'संपवा, संपवा' सुरू झाले. भूक नसताना मुलगा नातीला पिझ्झा घे म्हणायला लागला. ती रडवेली झाली. तिथे मी मध्ये पडलो. म्हटले, चार जेवणे बुडाली तर ऐंशी डॉलर जातील, पोरीचे पोट बिघडले तर उद्याचे पार्क जाईल. खानावळीत पैसे भरलेत म्हणून आपण कधी दोनदा जेवायला बसलो का? शेवटी तीन जेवणे बुडाली. उरलेल्या स्नॅकची शेवटच्या रात्री बंद पाकिटातली बिस्किटे आणि चॉकलेटे घेतली. त्यातली काही याच कट्ट्यावर वाटली होती, आठवत असेल.

आता जाणाऱ्यांसाठी. दोन खोल्या लागणार असतील तर आजी-आजोबांची खोली वेगळ्या आरक्षणावर घ्यावी. म्हणजे मुलांच्या खोलीला प्लॅन आणि आपल्याला नको, असे करता येते. पण हे घरात आधी बोलून घ्या, नाहीतर तिथे पुन्हा उजवी बाजू बघणे सुरू होईल. बीफ चालत नाही, अंडे चालत नाही, हे ऑर्डर देतानाच सांगा. बसून जेवायच्या ठिकाणी शेफ स्वतः येऊन विचारतो, संकोच करू नका. आणि तो मग पार्कमध्ये चालत नाही, फक्त हॉटेलात. सकाळी त्यात गरम पाणी घेऊन आपली चहाची पूड टाकावी.

बी विंगचे दोघे जण मे महिन्यात निघणार आहेत, असे कळले. त्यांच्यासाठी तो तक्ता झेरॉक्स करून आणला आहे. दरांची रकाने रिकामी ठेवली आहेत, या वर्षीचे दर मुलाकडून विचारून भरावेत. नातवंडांची वये जन्मतारखेसकट लिहा, दहाव्या वाढदिवसाच्या आधी जाता येत असेल तर तेही बघा. तक्ता चहाच्या टेबलाजवळ ठेवतो.