म्हाताऱ्याला नाद पाहिजे

(सातारा-सांगली जिल्ह्यांच्या मेळाव्यातील भाषण)



मेळाव्याची बैठक भरली की कार्यकर्त्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. समोर सगळ्या पांढऱ्या टोप्या आणि पिकल्या मिशा. पोरं कुठं आहेत? पोरं कुठं आहेत ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. खानापूर-आटपाडीची गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. माण-खटावची मुंबईत, नव्या मुंबईच्या बाजारात, पोलिसात, पलटणीत. जतची ऊसतोडीला. हौसेनं कोणी गेलेलं नाही. ज्वारीच्या आणि कापसाच्या भावात घर चालत नाही, म्हणून गेली. भावाचा विषय दुपारच्या बैठकीत आहेच. आत्ता बोलायचं आहे ते मागं राहिलेल्यांबद्दल.

सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ घेऊन घरी जातो. पुढं पेन्शन. शहरात त्याच्यासाठी ज्येष्ठ नागरिक संघ असतो, बागेत हास्यक्लब असतो, वर्षाकाठी एक सहल असते. कोरडवाहू शेतकऱ्याला निवृत्तीची तारीखच नाही. त्याला त्याचा गुडघा निवृत्त करतो. एक दिवस मुलगा किंवा सून म्हणते, "तात्या, आता तुम्ही बसा." मायेनंच म्हणतात. पण तात्या बसले की त्यांच्या हातून काय काय सुटतं ते बघा. आधी औत सुटतं. मग बाजार सुटतो. मग बी कोणतं आणायचं हे विचारणं बंद होतं. मग दावणीचा बैल विकताना कोणी विचारत नाही. शेवटी उरतो तो पार. पाराला आम्ही नावं ठेवत नाही. गावाचं निम्मं राजकारण आणि सगळी अक्कल तिथंच जन्माला येते. पण सकाळी आठला पारावर बसलेला माणूस संध्याकाळी सहाला त्याच जागी, त्याच चार गोष्टी, त्याच चौघांना सांगत असेल तर तो शरीरानं ठणठणीत असूनही आतून वाळायला लागला आहे, एवढं ओळखावं.

यावर पुस्तकी शब्द आहे छंद. आपल्याकडं छंद म्हटलं की वाटतं पोस्टाची तिकिटं गोळा करणारा वकील. आपल्या बोलीत याला नाद म्हणतात. बैलाचा नाद, भजनाचा नाद, तालमीचा नाद, मेंढराचा नाद. नाद हा शब्द आपण शिवीसारखाही वापरतो, नादानं घर बुडालं म्हणतो. बुडतंही. पण बिननादाचा म्हातारा घराला जास्त जड होतो, असं आमचं मत आहे. खरसुंडीच्या जत्रेत खिलारांच्या दावणी बघत फिरणारी ऐंशीच्या घरातली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातल्या निम्म्यांच्या दावणीला आज एकही बैल नसतो. तरी शिंग, खूर, वशिंड, कातडीचा रंग बघून ते वंशावळ सांगतात आणि तरण्या खरेदीदाराशी तासभर वाद घालतात. त्या वादाच्या वेळी त्यांचं वय विचारा, त्यांना ते आठवायला वेळ लागेल.

इथं कोणी म्हणेल, साहेब, आधी पोटाचं बघा, मग नादाचं. बरोबर आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये मिळतात, त्यात औषधाची चिठ्ठीसुद्धा पुरी होत नाही. ही मागणी आपण सोडणार नाही. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. याच मातीतला पुरावा देतो.

वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी १९२२ चे. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत, धुळ्याच्या खजिन्याच्या प्रकरणात पुढं, पत्री सरकारचे बिनीचे माणूस. पुढं हुतात्मा साखर कारखाना उभा केला. एवढं केल्यावर कोणी पारावर बसला असता तर गावानं पानसुपारी आणून दिली असती. अण्णा वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९९३ साली, आटपाडीच्या पाणी परिषदेत उभे राहिले. सातारा, सांगली, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांचा तो लढा. स्वतः राहायला कृष्णाकाठी, उसाच्या पट्ट्यात. तहान दुसऱ्याची. वर्षामागून वर्ष परिषद भरत राहिली, २०१२ साली जाईपर्यंत त्यांनी हा लढा सोडला नाही. टेंभूचं पाणी आज आटपाडीकडं दिसतं, आणि पाणी कोणा एकाच्या उसाला न जाता सगळ्यांना वाटून मिळालं पाहिजे हा हट्ट आटपाडीनं सरकारच्या कागदावर आणला, त्यामागं ही म्हातारी माणसं आहेत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख त्यातलेच. अकरा वेळा आमदार, शेवटची निवडणूक २०१४ ची, नव्वदीला टेकलेले असताना.

कुंडलचे कॅप्टन भाऊ, रामचंद्र श्रीपती लाड, तुफान सेनेचे. शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला इंग्रजांच्या पगाराची गाडी अडवली ते. २०१८ साली देशभरचे शेतकरी दिल्लीला मोर्चा घेऊन गेले तेव्हा भाऊंनी शहाण्णवाव्या वर्षी कुंडलहून त्यांना पाठिंब्याचा निरोप धाडला. २०२२ च्या फेब्रुवारीत, शंभरीला काही महिने उरले असताना गेले. आणि कासेगावच्या इंदूताई पाटणकर. ऐन तरुणपणी घर सोडून लढ्यात उतरल्या, आणि साठीच्या आसपास नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा प्रश्न घेऊन पुन्हा रस्त्यावर आल्या.

ही थोर माणसं आहेत, आपण काय, असं म्हणून टाळी वाजवून मोकळं होऊ नका. त्यांच्या मोठेपणात एक साधी गोष्ट आहे, ती आपल्या आवाक्यातली आहे. उतारवयात त्यांना नवा प्रश्न पडत होता. "आमच्या वेळी असं होतं" हे वाक्य म्हाताऱ्या माणसाला शोभतं, पण ते दिवसाला एकदा पुरे. बाकी वेळ त्यानं विचारावं, हे असं का होतंय?

बायकांचं थोडं वेगळं आहे. घरातली म्हातारी कधी बसत नाही, तिला बसूच देत नाहीत. लेकरं, शेरडं, चूल. तिचं काम सुटत नाही, पण तिचं ऐकणारं माणूस सुटतं. जातं गेलं, गिरणी आली, मनगटाचा त्रास वाचला, फार चांगलं झालं. पण जात्याबरोबर पहाटेचं गाणंही गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या दोघांनी गावोगाव माणसं लावून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावं, लाखाहून अधिक ओव्या. सांगणाऱ्या बहुतेक अशाच म्हाताऱ्या, ज्यांना घरात कोणी, "आई, ती ओवी म्हणा" असं म्हणत नव्हतं. कोणी विचारायला आलं आणि पोतडी सुटली. म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, आपल्याच भागातले आवाज त्यावर ऐकू येतात. तुमच्या गावात गाणारी असेल तर तिला तिथवर न्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा निघाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसल्या. काहींनी हसून घेतलं. पण अंगठ्याच्या जागी स्वतःच्या हातानं नाव लिहिण्यात काय आहे, ते जन्मभर सोसायटीच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला विचारा.

आता डॉक्टरांच्या प्रांतात थोडा पाय टाकतो. म्हातारपणी विसर पडतो, बुद्धी भ्रमते, त्यावर जगभरच्या तज्ज्ञांचा एक गट काम करतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं २०२४ साली त्यांचा अहवाल छापला. त्यात टाळता येण्यासारखी चौदा कारणं दिली आहेत. ती सगळी आवरली तर निम्म्याला थोडे कमी विकार टळतील किंवा लांबतील असा त्यांचा हिशेब. बीपी, साखर, तंबाखू हे आलंच. पण त्याच यादीत ऐकू न येणं आहे, दिसेनासं होणं आहे आणि माणसांतून तुटणं आहे. आपल्याकडं ही तिन्ही एकाच माणसाला एकदम होतात. मळणीयंत्रावर, इंजिनाच्या खोलीत, ट्रॅक्टरवर उमेद घालवली, कान गेले. मग घरचे म्हणतात, म्हातारा बहिरा झालाय, त्याला सांगून उपयोग नाही. तोही सभेत मागं बसतो, हसायच्या वेळी दुसऱ्याकडं बघून हसतो. वर्षभरात येणंच बंद करतो. बुद्धी शाबूत असते, पण तिच्यापर्यंत काही पोचत नाही. म्हणून सांगतो, मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं. कानाचं यंत्र लावायला लाज वाटते म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, चष्मा लावताना ती लाज कुठं गेली होती?

एवढं झाल्यावर आमच्या मुद्द्याकडं येतो. संघटनेला आज एका कामासाठी म्हातारी माणसं हवी आहेत. तरुणांना ते जमणार नाही, कारण त्याला रोज गावात असणारा आणि रोज सकाळी उठणारा माणूस लागतो.

काम पावसाचं आहे. कोरडवाहू भागात पाऊस ओढ्याच्या अलीकडं पडतो, पलीकडं पडत नाही. सरकारचं हवामान यंत्र महसूल मंडळाला एक. मंडळात गावं कितीतरी. यंत्राच्या गावावर ढग फुटला आणि तुमच्या गावात धूळ उडत असली तरी कागदावर तुमच्याकडं पाऊस झाला. विमा, दुष्काळ, टँकर, सगळं त्या कागदावर ठरतं. आपण मोर्चात ओरडतो, पाऊस नाही. साहेब विचारतात, किती नाही? आपल्याकडं आकडा नसतो. गावातल्या एका म्हाताऱ्यानं रोज मोजून वही ठेवली तर आकडा असेल. विमा कंपनी ती वही लगेच पुरावा मानेल असं आम्ही म्हणत नाही, मानणार नाही. पण चाळीस गावांच्या चाळीस वह्या टेबलावर पडल्या तर साहेबाला उत्तर द्यावं लागेल. आंध्रात दुष्काळी भागातल्या शेकडो गावांत शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि विहिरी मोजून पिकं ठरवली आहेत. आपल्याकडं अटल भूजल योजनेत सातारा-सांगलीतल्या काही गावांना पर्जन्यमापक मिळाले. ते कोणाच्या छपरावर पडून आहेत ते आधी शोधा.

आणि मोजता मोजता माणसाला नाद लागतो, हा आमचा कृषी पदवीधर म्हणून अनुभव. २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर लाखभर लिटर पाणी, दहा हजार लिटरचे दहा टँकर. हे एकदा कळलं की माणूस बांधावर उभा राहून पळणारं पाणी मोजायला लागतो. मग विहिरीत दोरी सोडतो. मग म्हणतो, उत्तरा-हस्तात पेरावी असं बाप सांगायचा, का सांगायचा? लवकर पेरली तर खोडमाशी, उशीर केला तर ओल निघून जाते. बापाचं नक्षत्र आणि विद्यापीठाची तारीख जवळजवळ एकच निघते, पण आता ओल किती होती हे वहीत असतं. पुढच्या साली तो मालदांडीच्या शेजारी नव्या वाणाच्या चार ओळी घालतो, दाणा वेगळा आणि कडबा वेगळा तोलतो, आणि बैलाला कोणता आवडला तेही लिहितो. ही शेवटची नोंद आम्हाला कोणत्याच अहवालात सापडत नाही. कापूसवाल्यांनी बोंडं मोजावीत, पहिली वेचणी कधी आली ते लिहावं. अक्षर येत नसेल तर नातवाला जवळ बसवा. आकडे तुमचे, अक्षर त्याचं. पोरगं मोबाइल सोडून तेवढा वेळ तुमच्याजवळ बसेल, आणि जाता जाता तुम्हाला मोबाइलवर ढगांचं चित्र बघायला शिकवेल.

घरच्यांना एकच विनंती. वही लिहिणाऱ्याला हसू नका, आणि पेरणीच्या आदल्या रात्री ती वही मागून घ्या.

डबा कसा ठेवायचा ते सांगून थांबतो. वर-खाली सारख्या रुंदीचा, उभ्या भिंतीचा, सपाट तळाचा डबा घ्या. बाटलीसारखा निमुळता चालणार नाही. उघड्या जागी ठेवा, झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल तिच्या दुपटीनं लांब. कुत्रं पाडणार नाही, शेरडू तोंड घालणार नाही एवढा उंच आणि पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला आत उभी पट्टी धरून मिलिमीटर वाचायचे, लिहायचे, डबा ओतून टाकायचा. वेळ बदलायची नाही. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. वह्या मंडपाच्या दाराशी टेबलावर आहेत. गावाला एक. जेवायला जाताना नाव लिहून घेऊन जा.