डाएट ऑक्टोबरात, केस संक्रांतीला

(ज्यांना ऐकायला सवड होत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देत आहोत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागात मी वजन कमी केल्याची गोष्ट सांगितली आणि तुम्ही भरभरून कौतुक केलंत. पण त्या गोष्टीतला एक तुकडा मी तुमच्यापासून लपवला होता. तुमच्यापासून काय, डॉक्टरांपासूनही लपवला होता. आज तो सांगते.

थोडक्यात उजळणी. वजन 84 किलो, तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 7.9. माझ्या वडिलांचा पाय साखरेपायी गेला, त्यामुळे मला भीती दिसण्याची नव्हती, पायाची होती. 2024 च्या दसऱ्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली 'व्हेरी लो कॅलरी डाएट' सुरू केलं. दिवसाला 800 कॅलरी किंवा त्याहून कमी, त्याला हे नाव आहे. बारा आठवडे जेवण बंद, त्याऐवजी पाण्यात कालवायची चार पाकिटं. एका पाकिटात साधारण 200 कॅलरी आणि अठरा ग्रॅम प्रथिनं. दर पंधरा दिवसांनी तपासणी. हे मनाने करायचं डाएट नव्हे, हे मी मागेही बजावलं होतं. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन आधी कमी करावं लागतं, नाहीतर साखर धाडकन खाली येते. शिवाय वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

आता लपवलेला भाग. पाचव्या आठवड्यात काटा अडला. सहा दिवस हलेचना. आणि मी काय केलं, तर चारऐवजी दोनच पाकिटं घ्यायला लागले. वर काळी कॉफी. डॉक्टरांनी विचारलं, "ताई, चारही पाकिटं होतात ना?" मी म्हटलं, हो. काटा परत खाली यायला लागला होता, मग कशाला बोला?

बारा आठवड्यांनी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, वजन 71. डॉक्टरांनी हळूहळू जेवण सुरू करून दिलं. दुपारी एक भाकरी, वरण, भाजी. तीन महिन्यांनी भाकरी! मी पहिल्या घासाला रडले होते, खोटं नाही सांगत.

आणि मग संक्रांत आली. शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू. सगळ्या म्हणतायत, अगं किती बारीक झालीस, ओळखू येत नाहीस. मी खूश. घरी येऊन वेणी सोडली तर गजऱ्याबरोबर केसांचा गुंता हातात. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची जाळी तुंबली. उशीवर केस, पोळपाटावर केस, मुलाच्या डब्यात केस. रोज 50 ते 100 केस गळणं धरूनच चालायचं असतं, पण हे मोजण्यातलं नव्हतं.

आम्ही अकोल्याचे. तुम्हाला आठवत असेल, नेमक्या त्याच दिवसांत शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांना अचानक टक्कल पडत असल्याच्या बातम्या होत्या. शेगाव आमच्या शेजारचंच. आमच्या घरात पहिला संशय बोअरच्या पाण्यावर गेला. मी आठवडाभर जारच्या पाण्याने केस धुतले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या गव्हात सेलेनियम जास्त सापडल्याचं सांगितलं, तेव्हा घरातल्या गव्हावर संशय. पण शेगावकडच्या लोकांना आधी डोक्याला खाज सुटत होती आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडत होतं. माझं तसं काहीच नव्हतं. हे सगळं पेपरात छापून येत होतं, मीही वाचत होते. घाबरलेला माणूस मथळा वाचतो, बाकीचं वाचत नाही.

मग मी माझं गणित मांडलं. डाएटच्या तीन महिन्यांत एक केस जास्तीचा गळला नाही. जेवायला लागले आणि केस गळायला लागले. म्हणजे दोष जेवणाचा! आणि मी भाकरी सोडून गुपचूप परत दोन पाकिटांवर आले. मला तेव्हा हे अगदी शहाणपणाचं वाटत होतं बरं का. जोडीला कांद्याचं सीरम, चौदाशे रुपयांचं तेल, बायोटिनच्या गोळ्या. दीड महिन्यात साडेपाच हजार गेले आणि केसही गेले.

ही गाठ सोडवली आमच्या सासूबाईंनी. तेल लावता लावता म्हणाल्या, "तुले आठवते का, राजूच्या वेळेस असेच झडले होते. पोरगं हासाले लागलं का मायचे केस झडतात."

मी म्हटलं, आई, आता कुठलं पोर? पण डोक्यात काहीतरी खटकलं. बाळ हसायला कधी लागतं? दोन-तीन महिन्यांचं झालं की. म्हणजे बाळंतपण आधी आणि केस तीन महिन्यांनी. मग माझं 'बाळंतपण' कधी झालं होतं? ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

दुसऱ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी चिमटीत पन्नास-साठ केस धरून हलकेच ओढले, दहा-बारा हातात आले. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा मणी. "टेलोजेन एफ्लुव्हियम," म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले 85-90 टक्के कोणत्याही वेळी वाढत असतात, बाकीचे विश्रांती घेत असतात. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची, आणि मग तो केस गळतो. शरीरावर मोठा ताण आला, म्हणजे टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपासमार, की शरीर काटकसर करतं. केस वाढवणं हे काही जगायला लागणारं काम नव्हे, म्हणून एरवी आळीपाळीने विश्रांतीला जाणारे केस एकदमच जातात. पण त्या दिवशी कळत काहीच नाही, कारण केस मुळातून सुटलेला असला तरी जागेवर बसून असतो. तीन महिन्यांनी खालून नवा केस डोकं वर काढतो आणि जुना सुटतो. 1961 मध्ये अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन डॉक्टरांनी या प्रकाराला हे नाव दिलं. 1976 मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात झटपट वजन उतरवलेल्या नऊ जणांची हीच हकिगत छापून आली होती. त्यांचेही केस डाएट सुरू केल्यावर दोन ते पाच महिन्यांनी गळायला लागले होते.

म्हणजे बघा, जानेवारीत जाळीत अडकलेला केस ऑक्टोबरातच निघायचं ठरवून बसला होता. बिचाऱ्या भाकरीचा काहीच संबंध नव्हता. उलट भाकरी सोडून मी एप्रिलच्या गळतीची सोय करत होते.

हे कळल्यावर खोटं बोलणं जमेना. आधी त्यांना आणि मग डाएटच्या डॉक्टरांना दोन पाकिटांचं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते काही क्षण बोलले नाहीत, मग वहीत ऑक्टोबरपासूनची पानं उलटत म्हणाले, "ताई, मी तुमच्या गोळ्या चार पाकिटांच्या हिशेबाने ठरवत होतो." तेवढंच. मंडळी, त्या वाक्याने मी जेवढी हादरले तेवढी केसांनीसुद्धा हादरले नव्हते.

मला सगळं डाएट तिथेच फेकून द्यायचं होतं. त्यांनी समजावलं की आज काहीही फेकलं तरी जे केस सुटलेत ते गळणारच, वजन मात्र परत चढेल आणि साखरही. एचबीए1सी 6.2 वर आला होता. ठरलेलं जेवण ठरल्यासारखं घ्यायचं, प्रथिनं पूर्ण घ्यायची. रक्त तपासलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, 11 निघाला, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइडच्या तपासणीआधी बायोटिन बंद करायला लावलं, कारण त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हे मला अजिबात ठाऊक नव्हतं, आणि गोळ्या विकणाऱ्याने सांगायचं काही कारण नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाचे असे केस गळत असतील तर कॅलेंडर घ्या आणि तीन महिने मागे जा. पण गोल चट्टा पडत असेल, डोक्याला खाज किंवा लाली असेल, भांग रुंद होत असेल किंवा सहा महिने होऊनही गळती थांबत नसेल, तर हिशेब करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. त्याची कारणं वेगळी असू शकतात.

माझी गळती मेपर्यंत चालली. पाकिटांच्या दुसऱ्या फेरीची किंमत, दुसरं काय. गणपतीत आरतीच्या वेळी मुलगा म्हणाला, आई, तुझ्या कपाळावर काटे उगवलेत. आरशात पाहिलं तर भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचे केस ताठ उभे, कंगव्याला न जुमानणारे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्या हिशेबाने ते एप्रिल-मेमध्ये उगवलेले.

सासूबाई म्हणतात, त्यांच्या तेलाने आले. मी वाद घालत नाही. रविवारी त्यांच्यापुढे पाटावर बसते, त्या तेल चोळतात आणि शेजारणीला सांगतात की बघा, कसे आलेत.

पुढच्या भागात तुमच्या प्रश्नांची उत्तरं देणार आहे. प्रश्न पाठवताना डाएट कधी सुरू केलं ती तारीख जरूर लिहा. आणि खरं लिहा हं.