बाळ सांभाळणाऱ्या मावशींची पहिली भेट

समोर बसलेल्यांपैकी काही जणी बाळ सांभाळायच्या कामाला जातात आणि काहींच्या घरी अशा मावशी येतात. मला दोघींशीही बोलायचं आहे. पहिल्या भेटीची रीत दोघींनी पाळायची असते, पण आपल्याकडे ती येणारीलाच तेवढी शिकवतात.

आधी येणारीचं बघू. वेळेवर जा, बस चुकली तर फोन करा. घरात तान्हं बाळ असेल तर ते नुकतंच झोपलेलं असू शकतं, म्हणून खाली पोचल्यावर ‘बेल वाजवू का?’ असं फोनवर विचारा. चपला बाहेर काढा आणि आत गेल्यावर हात कुठे धुवायचे ते विचारा. नखं कापलेली असावीत. टोचणाऱ्या बांगड्या, अंगठ्या, उग्र वासाचं अत्तर नको. मोबाईल पिशवीत ठेवा, आणि बाळाचा फोटो काढायचा नाही.

बाळाशी भेट ही खरी मुलाखत, आणि चांगल्या मनाच्या बायकाही नेमकी तिथेच घाई करतात. बाळ दिसलं की हात पुढे जातात, गालगुच्चे घेतले जातात. सात-आठ महिन्यांचं बाळ अनोळखी चेहऱ्याला बिचकतं. ते त्याच्या वाढीचंच लक्षण आहे, त्यात तुमचा काही दोष नाही. थोडं लांब, खाली सतरंजीवर बसा आणि त्याच्या आईशी बोलत राहा. बाळ तुमच्याकडे बघेल, मग आईच्या चेहऱ्याकडे बघेल. आईला ही बाई चालते का, हे ते तिथे वाचत असतं. कधीतरी रांगत येऊन तुमचा पदर धरेल. तेव्हाही ‘घेऊ का?’ असं आईला विचारा. रडलं तर लगेच आईकडे द्या. ‘माझ्याकडे कुठलंच बाळ रडत नाही’ असं म्हणू नका, कारण ते खरं नसतं.

घरात आजी असतील तर मधाचा विषय निघेलच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. काम मिळावं म्हणून मान डोलावू नका आणि आजींचा अपमानही करू नका. ‘आजी, वर्षाच्या आत मध नको म्हणतात. बाळाच्या डॉक्टरांना एकदा विचारू या का?’ एवढं बोललं तरी पुरे. आणि आधीच्या घरातली भांडणं इथे सांगू नका.

आता घरच्यांकडे वळते. मावशींना खुर्ची द्या. त्यांच्यासाठी वेगळा कप काढून ठेवण्याची जी पद्धत अजून कित्येक घरांत आहे, ती मला फार जिव्हारी लागते. ज्या हातांत आपलं बाळ द्यायचं, त्या हातांत आपला कप द्यायला काय हरकत आहे? जात विचारू नका. ओळखपत्र जरूर मागा. बाळाला ताप आला, घास घशात अडकला तर काय कराल, हे विचारा. घरात कॅमेरे असतील तर ते आधीच सांगा.

पगाराचं त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच बोला: किती, कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कधी, उशीर झाला तर जादा काय. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता, तो पगार आणि सुट्टीसारख्या साध्याच गोष्टींसाठी. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात राहतं घरही कामाचं ठिकाण धरलं आहे. म्हणजे तुमचा दिवाणखाना तुम्हाला घर असला, तरी मावशींना तो कामाची जागा आहे.

दोन दिवस काम करून बघायचं ठरलं, तर त्या दोन दिवसांचे पैसे दुसऱ्या संध्याकाळीच हातात द्या. नकार असेल तर तोही फोन करून कळवा. तुमच्या उत्तराची वाट बघत त्यांनी दुसरं घर थांबवून ठेवलेलं असतं.